कर्ट व्हॉनेगटच्या इंडियानात, आईंना घेऊन

गुरुवार

आम्ही राहतो कोलंबसला. ओहायोतलं मोठं नव्हे, इंडियानातलं छोटं कोलंबस, जिथे इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीमुळे पुण्याहून आलेली बरीच मराठी घरं आहेत आणि त्यातलंच एक आमचं. सासूबाई सध्या अंबाजोगाईहून आल्यात, जन्मभर शाळेत इतिहास शिकवला त्यांनी, त्यामुळे मॉल आणि आउटलेट दाखवून त्यांचं मन रमणार नाही हे मला माहीत होतं. नवऱ्याला रजा नव्हती, मला होती, आणि कर्ट व्हॉनेगट हा माझा कॉलेजपासूनचा लाडका लेखक इथून तासाभरावर जन्मला आणि वाढला, तर म्हटलं आई, तुम्ही चला माझ्यासोबत, गाडीत सगळं सांगते. त्या म्हणाल्या, "येते की, पण आधी हा माणूस कोण ते सांग."

तर हा माणूस म्हणजे ११ नोव्हेंबर १९२२ ला इंडियानापोलिसमध्ये जन्मलेला आणि २००७ साली न्यूयॉर्कमध्ये गेलेला कादंबरीकार, चौदा कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली सगळ्यात गाजलेली १९६९ ची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’. युद्ध, मोठ्या कंपन्या, धर्म, पैसा, सरकार, सगळ्यांची रेवडी उडवली त्याने. त्यामुळे बऱ्याच लोकांचा समज असा की हा कडवट माणूस, कशावरच विश्वास नसलेला. मला हे मुळीच पटत नाही. इतकी वर्षं वाचून माझं मत असं झालंय की ह्याच्याइतकी माणसांची काळजी असलेला लेखक विरळा, आणि ती काळजी कुठून आली ते बघायचं तर ड्रेस्डेनच्याही, म्हणजे तो युद्धकैदी असताना त्याच्यासमोर जळलेल्या जर्मन शहराच्याही, आधी इंडियानापोलिसला जावं लागतं. म्हणून ही ट्रिप.

आय-६५ हायवेने सरळ वर जाता येतं पण आम्ही एडिनबर्गला वळलो, कारण तिथे कॅम्प ॲटरबरी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची १०६ वी इन्फंट्री डिव्हिजन युरोपला जायच्या आधी इथे ट्रेनिंगला होती आणि व्हॉनेगट तिच्यात साधा सैनिक होता. घर जवळ असल्यामुळे सुट्टीत जाता यायचं. १९४४ च्या मे महिन्यात मदर्स डेला तो असाच घरी गेला आणि तेव्हाच त्याची आई गेली, झोपेच्या गोळ्यांचा ओव्हरडोस. त्यानंतर सात महिन्यांत, डिसेंबरमध्ये, बल्जच्या लढाईत त्याची रेजिमेंट जर्मनांच्या वेढ्यात सापडली आणि हा युद्धकैदी झाला. आईंना हे सांगताना त्यांनी मला मध्येच थांबवून विचारलं, "म्हणजे आईचं दुःख करायलाही वेळ मिळाला नाही पोराला?" मी इतकी वर्षं ह्या तारखा वाचत आलेय पण असा विचार मी केला नव्हता.

तिथे इटालियन युद्धकैद्यांनी १९४३ मध्ये बांधलेलं एक चिमुकलं चॅपल आहे. हे कैदी इथे अमेरिकेत, उरल्यासुरल्या सामानातून भिंती उभ्या करून आत देवाची चित्रं काढतायत, आणि त्याच कॅम्पात शिकलेली पोरं पुढच्या वर्षी जर्मनीत कैदी होणार. आई बराच वेळ आत उभ्या होत्या. भिंतीवरची चित्रं अगदी साधी आहेत, गावच्या देवळात हौशी पेंटरने काढावीत तशी, पण बघून गलबलायला होतं.

संध्याकाळी इंडियानापोलिसला पोचलो, हॉटेलात सामान टाकलं आणि जेवायला अथेनियममध्ये गेलो. ही लाल विटांची मोठी जर्मन धाटणीची इमारत व्हॉनेगटच्या आजोबांनी, बर्नार्ड व्हॉनेगट ह्यांनी, आर्थर बोन ह्या पार्टनरसोबत १८९० च्या दशकात दोन टप्प्यांत बांधली. तेव्हा नाव होतं ‘डास डॉइचे हाऊस’, जर्मन लोकांचं सांस्कृतिक केंद्र, नाटक, गाणं, व्यायामशाळा सगळं एका छताखाली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन लोकांविरुद्ध एवढं वातावरण तापलं की १९१८ मध्ये नाव बदलून अथेनियम केलं. व्हॉनेगटच्या आईवडिलांनी तर मुलांना जर्मन शिकवलंच नाही, ना भाषा ना गाणी ना पुस्तकं, पिढ्यानपिढ्यांचं सगळं एका फटक्यात बंद. ह्याबद्दल त्याने पुढे लिहून ठेवलंय आणि त्यात राग स्पष्ट दिसतो. आणि नंतर हाच मुलगा जर्मनांशी लढायला गेला. खाली तळघरात राथ्सकेलर नावाचं जुनं रेस्टॉरंट आहे, तिथे जेवलो. आई शाकाहारी, त्यांनी मोठा प्रेट्झेल आणि चीज घेतलं आणि त्यांना ते आवडलं.

शुक्रवार

सकाळी हॉटेलच्या मागच्या जिन्याने उतरत होतो तर खालच्या दारावरच्या आडव्या दांड्यावर ‘व्हॉन ड्युप्रिन’ असं कोरलेलं दिसलं, मी आईंना हात धरून थांबवलं. हा दांडा म्हणजे पॅनिक बार, ढकलला की दार उघडतं, शाळा, थिएटर, हॉस्पिटल सगळीकडे असतो. १९०३ मध्ये शिकागोच्या इरॉक्वॉय थिएटरला आग लागली, सहाशेच्या वर माणसं मेली, कितीतरी जण दारापर्यंत पोचूनही दारं उघडता न आल्यामुळे. व्हॉनेगट घराण्याचं इंडियानापोलिसमध्ये मोठं हार्डवेअरचं दुकान होतं, पणजोबा क्लेमेन्स व्हॉनेगट ह्यांनी काढलेलं, आणि तिथे काम करणारा कार्ल प्रिन्झलर त्या दिवशी त्याच थिएटरात जाणार होता, काही कारणाने गेला नाही. ते त्याच्या मनातून जाईना. हेन्री ड्यूपाँट ह्या आर्किटेक्टसोबत त्याने आतून ढकलून उघडणारी ही कडी बनवली आणि व्हॉनेगट, ड्यूपाँट, प्रिन्झलर अशा तिघांच्या नावांचे तुकडे जोडून कंपनीचं नाव ठेवलं. आईंनी दांड्यावर हात ठेवून दोनदा दार उघडून बघितलं. मी आजवर अशी शेकडो दारं ढकलली असतील, पण ज्या घराण्याने माणसं आगीतून बाहेर पडावीत म्हणून ही कडी विकली त्याच घरातला मुलगा आगीत जळलेल्या शहराबद्दल लिहितो, हे मला त्या जिन्यात उभं राहून फार जाणवलं.

मग नॉर्थ इलिनॉय स्ट्रीटवरचं घर. कर्टच्या वडिलांनी, तेही आर्किटेक्ट, कर्ट सीनियर, कर्ट जन्मला त्या सुमाराला स्वतः डिझाईन करून बांधलेलं विटांचं मोठं घर. तिथे लोक राहतात त्यामुळे फुटपाथवरूनच बघितलं, फोटो काढला नाही. बघताना डोक्यात एवढंच होतं की १९२९ नंतर मंदीत कोणी काही बांधायलाच तयार नव्हतं, वडिलांची प्रॅक्टिस बसली, हळूहळू हे घरही सोडावं लागलं. धाकटा असल्यामुळे कर्टला खासगी शाळेतून काढून जवळच्या सरकारी शाळेत, स्कूल नंबर ४३ मध्ये घातलं, आणि मोठेपणी त्याने ठासून सांगितलं की ती शाळा मला फार आवडली. कर्टच्या आईला मात्र श्रीमंती गेल्याचं दुःख सहन झालं नाही. ती लाइबर ह्या बिअर बनवणाऱ्या श्रीमंत घराण्यातली. मासिकांना कथा विकून पैसे मिळवावेत म्हणून तिने लिहायचा क्लास लावला, लिहिलंही, पण एकही कथा विकली गेली नाही. पुढे त्याच प्रकारच्या मासिकांना कथा विकून तिच्या मुलाने घर चालवलं.

आणि एक नाव आईंना मुद्दाम सांगितलं, आयडा यंग. ह्या घरात स्वयंपाक आणि मुलांचं करणारी कृष्णवर्णीय बाई. व्हॉनेगटने लिहिलंय की माझ्यातला जो काही दयाळूपणा, क्षमा करायची वृत्ती आहे ती तिच्याकडून आली. आईवडील आपापल्या दुःखात बुडालेले आणि पोराला चांगलं-वाईट शिकवणारी ही. आई म्हणाल्या अशा बायकांचे पुतळे पाहिजेत खरं तर.

शॉर्टरिज हायस्कूल तिथून जवळच आहे. ह्या सरकारी शाळेचं स्वतःचं दैनिक होतं, रोज निघायचं, ‘द शॉर्टरिज डेली एको’, आणि मंगळवारचा अंक कर्टकडे. मला वाटतं त्याच्या लिखाणातलं निम्मं रहस्य इथे आहे. छोटी वाक्यं, छोटे परिच्छेद, अवघड शब्द नाही, कारण वाचणारे म्हणजे वर्गातली पोरं, आज लिहिलं की आजच तोंडावर सांगणार की बोर आहे. तो हे आयुष्यभर विसरला नाही. शिक्षक असलेल्या आईंना ही शाळा घरापेक्षा जास्त आवडली, बाहेरून दगडी खांब बघत त्या विचारत होत्या की छापायला कागद कोण द्यायचं, मुलं टाइप कोणाकडून शिकायची, मला उत्तरं देता आली नाहीत.

दुपारी क्राउन हिल सेमेटरी. प्रचंड पसरलेली, टेकडीवर कवी जेम्स व्हिटकॉम्ब रायलीची समाधी आणि तिथून सगळं डाउनटाउन दिसतं. व्हॉनेगटचे आईवडील, आजी-आजोबा इथे आहेत, तो स्वतः इथे नाही. घराणं पणजोबांपासून नास्तिक, म्हणजे त्यांच्या शब्दात फ्रीथिंकर, आणि कर्ट शेवटपर्यंत अमेरिकन ह्युमॅनिस्ट असोसिएशनचा मानद अध्यक्ष होता. मेल्यावर बक्षीस नाही की शिक्षा नाही हे माहीत असूनही नीट वागायचं, एवढीच त्याची ह्युमॅनिस्ट असण्याची व्याख्या. आई रोज विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्या, मला वाटलं त्यांना हे रुचणार नाही. त्या म्हणाल्या, "नीट वागतो ना, मग झालं."

रात्री मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवरचं म्युरल बघितलं, पॅमेला ब्लिस ह्या चित्रकाराने २०११ मध्ये काढलेला अडतीस फुटी व्हॉनेगट, विस्कटलेले केस, मिशा, ढगळ पँट, अगदी रस्त्यावर कोणाची तरी वाट बघत उभा असल्यासारखा. पाय दुखत होते, फार थांबलो नाही.

शनिवार

आजचा दिवस पूर्ण म्युझियमला. कर्ट व्हॉनेगट म्युझियम अँड लायब्ररी, ५४३ इंडियाना ॲव्हेन्यू. २०११ मध्ये दुसरीकडे छोट्या जागेत सुरू झालं आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ह्या जागेत आलं. हा रस्ता म्हणजे एकेकाळचा कृष्णवर्णीय वस्तीचा जाझचा रस्ता, जाझ गिटारवादक वेस माँटगोमेरी इथलाच, आणि केसांच्या प्रसाधनांचा धंदा उभारणाऱ्या कृष्णवर्णीय उद्योजिका मॅडम वॉकर ह्यांची प्रसिद्ध इमारत दोन पावलांवर.

वस्तू थोड्या आहेत पण प्रत्येकीपुढे थांबावंसं वाटतं. त्याचा स्मिथ-कोरोना इलेक्ट्रिक टाइपरायटर. पॉल मॉलचं न फोडलेलं सिगारेटचं पाकीट. पर्पल हार्ट पदक, जे त्याला गोळी लागून मिळालेलं नाही, थंडीने पाय गोठल्याबद्दल मिळालं आणि त्याचं त्याला कधी कौतुक नव्हतं. आणि एक पाकीटबंद पत्र. वडिलांनी युद्धात मुलाला पाठवलेलं, तो सापडत नव्हता त्यामुळे परत आलेलं, आणि त्याने ते कधीच उघडलं नाही. मरेपर्यंत नाही. आजही बंद आहे. जवळून बघितलं तर ह्या पाकिटात बघण्यासारखं असं काहीच नाही, कागद जुना झालाय, पत्ता, शिक्के, बस. पण मुलगा युद्धावर आहे, बायको काही महिन्यांपूर्वी गेलीय, आणि हा माणूस टेबलाशी बसून पत्र लिहितोय, काय लिहिलं असेल त्याने? आईंनी मला विचारलं की तू असतीस तर उघडलं असतंस का. मी म्हटलं लगेच. त्या म्हणाल्या मी नसतं उघडलं. ह्यावर आम्ही जेवणापर्यंत बोलत होतो.

ड्रेस्डेनचा भाग वेगळा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हॉनेगट आणि बाकीचे अमेरिकन कैदी ड्रेस्डेनच्या कत्तलखान्यात ठेवलेले होते, इमारत क्रमांक पाच, दिवसा माल्ट सिरपच्या कारखान्यात कामाला. गरोदर बायकांसाठीचं ते पौष्टिक सिरप, आणि उपाशी कैदी चमच्याने चोरून खायचे. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकन विमानांनी बाँब टाकले, शहर जळून गेलं, हे लोक जमिनीखालच्या मांस ठेवायच्या कोठीत होते म्हणून वाचले. वर आल्यावर त्यांना कामाला लावलं, तळघरांतून प्रेतं बाहेर काढायच्या. बावीस वर्षांचा मुलगा. कादंबरीत त्याने मृतांचा आकडा १,३५,००० दिलाय, तो तेव्हाच्या एका पुस्तकातून घेतलेला आणि फुगवलेला होता, ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांनी २०१० मध्ये दिलेला आकडा २५,००० पर्यंत आहे. आईंना मी हा फरक सांगितला कारण त्या विचारणारच होत्या. त्या म्हणाल्या पंचवीस हजार म्हणजे काही थोडे नाहीत.

मग भिंतीवरचं १९४९ चं पत्र. ‘अटलांटिक मंथली’ ह्या मोठ्या मासिकाने ड्रेस्डेनवरचा लेख परत पाठवलाय, कौतुक केलंय पण छापण्याइतका पकड घेणारा नाही असं म्हटलंय. इथे आईंनी तो प्रश्न विचारला जो माझ्याही मनात कायम असतो. "४५ ला घडलं, ४९ ला लिहून बघितलं, आणि पुस्तक ६९ ला. मधे काय करत होता?"

मधे पोट भरत होता, हे एक उत्तर. जनरल इलेक्ट्रिकमध्ये स्केनेक्टडीला पीआरची नोकरी, १९५० मध्ये ‘कॉलियर्स’मध्ये पहिली कथा ७५० डॉलरना विकली गेली, १९५१ मध्ये नोकरी सोडून केप कॉडला, तिथे साबच्या गाड्यांची डीलरशिप घातली, ती बुडाली, शाळेत शिकवलं, मग आयोवाला लेखन शिकवलं. पहिली कथा स्वीकारली गेल्यावर त्याने वडिलांना पत्र लिहिलं होतं की आता माझी गाडी रुळावर आली, अजून काही कथा विकल्या की ही नोकरी सोडणार आणि पुन्हा कधी करणार नाही. वडिलांनी ते पत्र एका लाकडी फळीवर चिकटवून त्यावर व्हार्निश मारून ठेवलं. एका बापाचं पत्र मुलाने उघडलं नाही आणि मुलाचं पत्र बापाने व्हार्निश करून जपलं, हे दोन्ही एकाच घरातलं. पण आईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर ह्यात नव्हतं आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

बंदी घातलेल्या पुस्तकांचा विभाग ह्या म्युझियमचा आत्मा आहे असं मला वाटलं. १९७३ मध्ये नॉर्थ डाकोटातल्या ड्रेक नावाच्या गावात शाळेने ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’च्या ३२ प्रती भट्टीत जाळल्या. आई म्हणाल्या, "शाळेने?" मी म्हटलं हो, शाळेने. व्हॉनेगटने स्कूल बोर्डाच्या प्रमुखाला पत्र लिहिलं, शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही, त्यात तो सांगतो की मी खरा माणूस आहे, मला मुलं आहेत, मी सैन्यात होतो, माझी पुस्तकं माणसांनी एकमेकांशी चांगलं वागावं म्हणून भीक मागतात. ते पत्र प्रत्येक शिक्षकाने वाचावं. २०११ मध्ये मिसुरीतल्या रिपब्लिक गावच्या हायस्कूलमधून हेच पुस्तक काढलं तेव्हा ह्या लायब्ररीने तिथल्या मुलांना १५० प्रती फुकट देऊ केल्या. आणि बॅन्ड बुक्स वीकमध्ये लायब्ररीच्या समोरच्या काचेत बंदी घातलेल्या पुस्तकांची भिंत करून कोणीतरी आठवडाभर राहिलेलंही आहे. बाहेर पडताना दुकानातून आईंसाठी ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ घेतलं, साधी पेपरबॅक.

रविवार

उत्तरेला दोन तास गाडी चालवून कल्व्हर, लेक मॅक्सिनककी. इंडियानातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा नैसर्गिक तलाव. दोन्ही बाजूंनी मका आणि सोयाबीन, सरळ रस्ता, आईंनी गाडीत पुस्तक उघडलं आणि पहिलं प्रकरण वाचायला घेतलं.

ह्या तलावाच्या काठाला व्हॉनेगट मंडळींची एकमेकांना लागून लाकडी कॉटेजेस होती, सगळे काका, आत्या, चुलत भावंडं उन्हाळ्यात इथे. त्याने लिहिलंय की लहानपणी तलावाच्या काठाने कुठूनही चालायला लागलं तरी फेरी पूर्ण होऊन आपण घरीच येणार ही खात्री असायची, आणि घरी म्हणजे फक्त आपल्या घरी नाही, शेजारच्या चार घरांतही आपलीच माणसं. अकरा वर्षांचा असताना तो हा तलाव पोहून पार गेला, अडीच मैल, भाऊ आणि बहीण शेजारून होडीतून. युद्धानंतर घर विकलं गेलं, पण विकत घेणाऱ्याने त्याला आणि त्याची बायको जेन हिला हनीमूनसाठी तिथे राहू दिलं.

आता काठावर मोठमोठे बंगले झालेत. आम्ही गावाच्या पार्कमधून पाण्यात पाय घालून बसलो. मी आईंना ‘स्लॅपस्टिक’ची कल्पना सांगितली, ज्यात सरकार प्रत्येकाला एक नवीन मधलं नाव देतं आणि त्या नावाचे हजारो लोक तुमचे सख्खे-चुलत होतात, म्हणजे देशात कोणीच एकटं राहायला नको. समीक्षकांनी ह्या पुस्तकाला झोडपलं आणि कादंबरी म्हणून ते दुबळंच आहे, पण ही कल्पना त्याला ह्या काठावर सुचली असणार ह्याबद्दल मला शंका नाही. आई म्हणाल्या चार घरं सोडून चुलते राहिले की भांडणंही होतात, पण आजारी पडलं तर डबा येतो.

भावंडं तिघं, बर्नार्ड, ॲलिस, कर्ट. बर्नार्डची गोष्ट ऐकून आई सरसावून बसल्या. हा थोरला भाऊ शास्त्रज्ञ, जनरल इलेक्ट्रिकमध्येच, आणि १९४६ मध्ये त्याने शोधून काढलं की सिल्व्हर आयोडाइडच्या कणांमुळे ढगातल्या थंड पाण्याचा बर्फ होतो. कृत्रिम पावसाचं जे तंत्र जगभर गेलं त्याच्या मुळाशी हा शोध. आमच्या मराठवाड्यात २०१५ ला आणि पुन्हा २०१९ ला कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले तेव्हा आई अंबाजोगाईतच होत्या, टँकरच्या रांगा, रोज ‘आज विमान उडणार’ अशी बातमी आणि आभाळाकडे डोळे. त्या माणसाचा धाकटा भाऊ म्हणजे आपला लेखक हे कळल्यावर त्यांना तो एकदम ओळखीचा वाटायला लागला. आणि धाकट्याने त्याच लॅबमधल्या कल्पनेवर ‘कॅट्स क्रेडल’ लिहिली, १९६३ मध्ये, ज्यात एक शास्त्रज्ञ असा बर्फ बनवतो की त्याच्या एका कणाने जगातलं सगळं पाणी गोठून जातं. शोध लावणारा वाईट नाही, त्याला फक्त पुढे काय होईल हे विचारायची सवय नाही, हे त्या पुस्तकातलं सगळ्यात भीतीदायक.

ॲलिसबद्दल सांगताना मला जड गेलं. १९५८ च्या सप्टेंबरमध्ये ती कॅन्सरने हॉस्पिटलमध्ये शेवटच्या टप्प्यात होती आणि तिचा नवरा ज्या ट्रेनमध्ये होता ती न्यू जर्सीत उघड्या पुलावरून खाडीत पडली. तिच्यापासून लपवलं होतं, पण दुसऱ्या पेशंटने दिलेल्या पेपरात तिने ती बातमी वाचली, आणि एक-दोन दिवसांत तीही गेली. चार मुलगे मागे. कर्ट आणि जेनच्या पदरात स्वतःची तीन मुलं, पैसे बेताचे, तरी त्यांनी ती मुलं घरी आणली, धाकटा पुढे वडिलांकडच्या नातेवाइकांकडे गेला आणि तिघं इथेच वाढली. कर्टने म्हटलंय की मी कायम ॲलिससाठीच लिहीत आलो, तिला आवडेल का हे डोक्यात ठेवून. कडवट म्हणणाऱ्यांनी एकदा हे वाचावं.

सोमवार

ब्लूमिंग्टन, इंडियाना युनिव्हर्सिटी, लिली लायब्ररी. व्हॉनेगटची हस्तलिखितं इथे आहेत आणि कोणालाही बघता येतात, आधी ऑनलाइन नाव नोंदवून कोणते बॉक्स हवेत ते सांगायचं, आत पेन नाही, फक्त पेन्सिल, बॅग बाहेर. गुटेनबर्गच्या बायबलचा भागही इथे आहे, आईंनी तो आधी बघितला. शिवाय लाकडी-धातूची कोडी हातात घेऊन सोडवायची खोली आहे, मुलं घेऊन येणाऱ्यांनी चुकवू नये.

वाचनालयात शांत बसून फोल्डर उघडले. टाइप केलेली पानं, एकाच गोष्टीच्या वेगवेगळ्या सुरुवाती. सुरू करतो, काही पानं जातो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून वेगळ्याच माणसाच्या तोंडून. पुस्तक म्हणून आपण जे दीड-दोनशे पानांचं वाचतो त्याच्यामागे हे सगळं पडलेलं आहे. मी आईंना एक-एक पान दाखवत होते, त्या काही बोलत नव्हत्या. मग त्यांनी पर्समधून आपली पेपरबॅक काढायला हात घातला आणि आठवलं की ती बाहेर लॉकरमध्ये आहे.

बाहेर बाकावर बसून त्यांनी पहिल्या प्रकरणातली खूण केलेली पानं काढली. व्हॉनेगट जुन्या सैन्यातल्या मित्राकडे, बर्नार्ड ओ'हेअरकडे जातो, ड्रेस्डेनच्या आठवणी काढायला, आणि मित्राची बायको मेरी चिडलेली असते, आदळआपट करते, शेवटी फुटते की तुम्ही तेव्हा निव्वळ लेकरं होतात, आणि आता पुस्तकात मोठे मर्द असल्यासारखं लिहाल, सिनेमात फ्रँक सिनात्रा आणि जॉन वेन तुमचं काम करतील, आणि पुन्हा युद्धं होतील आणि पुन्हा लेकरं मरतील. तेव्हा तो तिला शब्द देतो की असं होणार नाही आणि पुस्तकाला ‘द चिल्ड्रन्स क्रूसेड’, म्हणजे लेकरांचं धर्मयुद्ध, असं उपनाव देतो, पुस्तक तिला आणि ड्रेस्डेनच्या एका टॅक्सीवाल्याला अर्पण करतो. आई म्हणाल्या, "तुझं उत्तर हे. त्याला एवढी वर्षं वीरगाथा लिहायची होती आणि ती येत नव्हती. ह्या बाईने सांगितलं की वीरगाथा नव्हतीच." मी हे प्रकरण किती वेळा वाचलंय, पण चार दशकं वर्गात लढाया शिकवलेल्या बाईने ते पहिल्यांदा वाचून जे पकडलं ते मला सुचलं नव्हतं.

त्याच प्रकरणात आहे की त्याने गोष्टीचा आराखडा वॉलपेपरच्या मागच्या बाजूला मुलीच्या रंगीत खडूंनी काढला होता, प्रत्येक पात्राची वेगळ्या रंगाची रेघ, आणि ड्रेस्डेनचा विनाश म्हणजे नारिंगी रेघोट्यांचा एक पट्टा, त्यातून पलीकडे ज्या रेघा निघाल्या ती जिवंत राहिलेली माणसं. १९६७ मध्ये तो आणि ओ'हेअर गुगेनहाइम फेलोशिपच्या पैशातून ड्रेस्डेन पुन्हा बघून आले आणि दोन वर्षांत पुस्तक आलं. मेलेल्या प्रत्येकाची त्यात नोंद आहे, कोणीही, कितीही क्षुल्लक, मेला की तेच एक छोटं वाक्य येतं, ‘सो इट गोज’, शंभरच्या वर वेळा. मोठ्या शहराचं मरण आणि एका म्हाताऱ्या शिक्षकाला किटली उचलली म्हणून गोळी घालणं, दोन्ही त्याने एकाच मापाने लिहिलंय.

परतताना ब्राउन काउंटीच्या डोंगरातून हायवे ४६ ने आलो, आईंचं वाचन चालूच, आणि त्यांनी विचारलं ह्याच्यानंतर काय वाचू. मी सांगितलं आणि इथेही सांगते कारण बरेच जण मधूनच चुकीचं पुस्तक उचलून कंटाळतात. ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ नंतर ‘मदर नाइट’, एका अमेरिकन गुप्तहेराची गोष्ट जो नाझींचा प्रचारक बनून इतका चांगला प्रचार करतो की शेवटी तो नक्की कोण हाच प्रश्न उरतो, माझ्या मते त्याची सगळ्यात बांधीव कादंबरी. मग ‘कॅट्स क्रेडल’. मग ‘गॉड ब्लेस यू, मिस्टर रोझवॉटर’, त्यात इंडियानाच आहे आणि पैसेवाल्या माणसाने गरिबांशी नुसतं प्रेमाने वागायचं ठरवलं तर लोक त्याला वेडा कसा ठरवतात ते आहे. ‘ब्रेकफास्ट ऑफ चॅम्पियन्स’ त्याच्या आवाजाची सवय झाल्यावरच. आणि ‘स्लॅपस्टिक’ची प्रस्तावना, ॲलिसबद्दलची, ती कधीही, आधी वाचली तरी चालेल.